थंड राळ

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामाविषयी लिहा, पण सामान्य वाचकाला समजेल असं." वर्कशॉप विकून घरी बसल्यापासून मीही सामान्य वाचकच झाले आहे. तेव्हा मला समजेल एवढंच लिहिते.

पुण्याजवळ नऱ्ह्याला पत्र्याच्या शेडमध्ये माझं वर्कशॉप होतं आणि त्यात मी आयुष्यभर वस्तू धरून ठेवायचं काम केलं. भिंतीला भोक पाडताना भिंत हलत नाही, म्हणून हा प्रश्न घरात कुणाला पडत नाही. सुट्या लोखंडी तुकड्याला भोक पाडायला जा, तो ड्रिलबरोबर गरागरा फिरतो आणि बोटं असतील तर बोटं घेऊन जातो. त्याला जागच्या जागी धरणारं जे साधन, त्याला फिक्स्चर म्हणतात. दर कामाचं फिक्स्चर वेगळं, आणि ते बनवणं हा माझा धंदा. नवीन गिऱ्हाईक आलं की दारातच विचारायचं, "साहेब कुठे आहेत?" मी सांगायची, "साहेब बँकेत आहेत. त्यांना लोखंडातलं काही कळत नाही. बसा."

घट्ट धरणं कुणालाही जमतं. वस्तूचा आकार न बिघडवता धरणं आणि काम झाल्यावर मुकाट्याने सोडणं, इथे अक्कल लागते. एका मोठ्या कारखान्याचे अधिकारी अॅल्युमिनियमची बांगडीएवढी पातळ रिंग घेऊन आले होते. तीन जबड्यांच्या पकडीत ती धरायची, आतून कातायची. मशीनवर मापलं की अगदी गोल, पकड सोडली की तिला तीन कोपरे फुटायचे. साहेबांनी यासाठी पुण्याच्या हवेपासून आपल्या ऑपरेटरच्या बदलत्या मूडपर्यंत सगळ्यांना दोष देऊन झाला होता. मी म्हटलं, "अहो, पकडीनेच ती दाबली जाते आणि दाबलेली असताना तुम्ही ती गोल करता. मग सोडल्यावर ती आपल्या मूळ स्वभावावर जाणारच." अशा नाजूक वस्तू कुणी मेणात बसवायचे, कुणी गोंदाने चिकटवायचे. चिकटायच्या छान, पण सोडवताना निम्म्या मोडायच्या. आणि चुंबकाची पकड फक्त लोखंड धरते, अॅल्युमिनियमकडे ढुंकूनही बघत नाही.

मोबाईलला अजून बटणं होती त्या काळात एका इंजिनिअरिंग कॉलेजचं काम माझ्याकडे आलं. गाड्यांचे धक्के शोषणाऱ्या नळकांड्यावर तिथले प्राध्यापक प्रयोग करत होते. त्यांच्या टेबलावर काळ्या पातळ द्रवाचं भांडं होतं. ते म्हणाले, "बोट घाला." मी घातलं. त्यांनी भांड्याखाली चुंबक सरकवला आणि माझं बोट धरलं गेलं. दुखत नव्हतं, पण निघतही नव्हतं. चुंबक काढल्यावर बोट अलगद बाहेर आलं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायची पद्धत आहे, पण मला उत्तम झोप लागली. इतक्या वर्षांनी मनासारखी पकड सापडली होती.

तो द्रव म्हणजे तेल आणि त्यात मैद्याहून बारीक लोखंडाची पूड. एरवी ती पूड तेलात सैरभैर असते. चुंबक जवळ आला की कण एकमेकांचे हात धरून रांगा करतात आणि द्रवाचा घट्ट लगदा होतो. त्यात बुडालेली वस्तू चांदीची असो, काचेची असो, लगदा तिला चिकटून धरतो. चुंबकाचा जोर कमी केला की पकड सैल, वाढवला की घट्ट. गोंदाला असा कान पिळायची सोय नसते.

कॉलेजचा प्रयोग संपला तेव्हा प्राध्यापकांनी परदेशातून आणलेली उरलेली बरणी मला देऊन टाकली. मी आधी विजेवरचा चुंबक वापरून पाहिला. एका गुरुवारी, म्हणजे आमच्या भागात वीज जाण्याच्या हक्काच्या वारी, काम ऐन रंगात असताना वीज गेली. पकड सुटली, तुकडा उडाला आणि पत्र्याच्या भिंतीवर आदळला. त्या दिवसापासून मी कायमचे चुंबक बसवलेला पाट वापरायला लागले. त्याला बाजूने एक दांडा असतो. दांडा फिरवला की आतले चुंबक सरकतात आणि जोर हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. वीज मंडळाचा संबंध संपला.

हे सगळं मी मोठ्या कारखान्यांना दाखवलं. त्यांनी चहा दिला, टाळ्या दिल्या, काम दिलं नाही. "मॅडम, इट्स व्हेरी इंटरेस्टिंग," म्हणाले. याचा अर्थ मला अनुभवाने माहीत होता. तेव्हा ती बरणी कपाटात गेली. आणि त्या बरणीची खरी गरज कुणाला पडली, तर आमच्या शेडमागच्या गावातल्या देवीला.

ते गाव महापालिकेत आलं आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तरी गावाचे सणवार आपल्या जागी होते. देवीचा चांदीचा जुना मुखवटा दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघतो. तो हातात घेऊन चालायचा मान बबनरावांच्या घराचा. त्याआधी मुखवट्याला तेल-हळद लावून अंघोळ घालायचं कामही त्यांचंच. बबनराव पन्नाशीचे, आता दुधाची डेअरी चालवणारे, बोलायला कमी.

गावचे तात्या शेती विकून बिल्डर झालेले. त्यांनी त्या वर्षी देवळाला नवा ग्रॅनाइट बसवला होता, आरशासारखा चकचकीत, दारातच स्वतःचं नाव कोरून. देवळात शिरताना पाय धुवायचे हा रिवाज गावात सगळ्यांना ठाऊक. ओल्या पायांना चकचकीत दगड चालत नाही, हे मात्र देणगी देताना कुणाला सुचलं नाही. सीमोल्लंघनाहून परतताना बबनरावांनी पाय धुतले, आत पाऊल टाकलं आणि घसरले. मुखवटा वाचवायला त्यांनी डावा हात खाली घातला. मनगट मोडलं, आणि मुखवट्याचा डावा गाल उंबऱ्याच्या पितळी पट्टीवर बसून आत गेला.

माझा कामगार सर्जेराव त्याच गावचा. दोन दिवसांनी तो हाताला प्लास्टर घातलेल्या बबनरावांना घेऊन आला. बबनराव खुर्चीवर टेकले आणि त्यांनी कापडी धडप्यात गुंडाळलेला मुखवटा मांडीवर उघडला. सर्जेराव म्हणाला, "ताई, गावाची बैठक झाली. तात्या म्हनले, भंगलेला मुखवटा पुजायचा न्हाई. त्रिपुरी पुनवेला खडकवासल्याच्या पाण्यात सोडायचा. नवा ते देत्यात, मोठा."

"म्हणजे सगळ्या पुण्याच्या पिण्याच्या पाण्यात," मी म्हटलं.

"आन् मान आमच्या घरातून काढायचा," बबनराव पहिल्यांदा बोलले. "ज्याच्या हातनं आई पडली, त्याच्या हाती फिरून कशी द्यायची, म्हनत्यात. खरं हाय त्यांचं."

"अजिबात खरं नाही. फरशी कुणी बसवली?"

माझा संताप झाला. माणूस आपलं मनगट मोडून घेतो, आणि दगडावर ज्याचं नाव आहे तो न्यायनिवाडा करतो!

चांदी फाटली नव्हती, नुसती आत बसली होती. मग सोनाराकडे का नाही गेलात, असं मी विचारलं. ते गेले होते. अडचण होती ती गावाच्या रिवाजाची. गाव एकदा जळालं होतं आणि देवीचं देऊळ तेवढं वाचलं होतं, म्हणून मुखवट्याला आच लावायची नाही. बैठकीत म्हाताऱ्यांनी एवढी सवलत दिली होती, की आच न लावता, जोड न देता चेहरा होता तसा झाला, तर तो भंगला असं धरणार नाही. तात्यांनी लगेच मान्य केलं, कारण हे होणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मी कसबा पेठेतल्या गोविंदकाकांना गाठलं. चांदीच्या पत्र्यावर ठोकून नक्षी आणि चेहरे उठवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी बबनरावांना आधीच परत पाठवलं होतं आणि मलाही उभ्यानेच उत्तर दिलं. "पत्रा ठोकायचा तर खाली राळ लागते. राळ, विटकरीची पूड आणि तेल. तापवली की मऊ होते, त्यात पत्रा बसवायचा. गार झाली की धरून ठेवते. न तापवता राळ कशी बसवू? फुंकर घालून?"

"माझ्याकडे थंड राळ आहे," मी म्हटलं.

"बाई, बर्फाचा पापडही भाजता येतो का तुमच्याकडे?"

"वर्कशॉपवर या आणि बोट घालून बघा."

ते येतो म्हणाले. मी परतले ती थेट कपाटाशी गेले. बरणी कधी नव्हे इतकी लखलखत होती. वर खंडेनवमीचं हळदकुंकू. आत पारदर्शक तेल, खाली काही नाही.

खंडेनवमीच्या आधी आमच्याकडे प्रत्येक मशीन, प्रत्येक हत्यार घासूनपुसून पूजेला मांडतात. वर्षभर न हलवलेल्या बरणीत लोखंड तळाशी बसलं होतं. सर्जेराव अभिमानाने म्हणाला, "ताई, खाली निस्ता गाळ व्हता, टाकून दिला. वरचं तेल चांगलं हाय, ते ठेवलं. थोडं शटरला लावलं. बघा कसं सुळकन् जातंय." शटर खरोखरच सुळकन जात होतं.

मी त्याला दोष दिला नाही. घाण काढायची आणि चांगलं ठेवायचं, हे मीच त्याला शिकवलं होतं. परदेशातून नवीन बरणी मागवायची तर तिची वाट बघत त्रिपुरी पौर्णिमा केव्हाच निघून गेली असती. मग ठरवलं, आपणच करायची.

तेलाचा प्रश्न नव्हता, पूड कुठून आणायची? ग्राइंडरखालचा लोखंडी चुरा घेतला, तर त्यात दगडाची कच. चांदीला ओरखडे पडले असते. शेजारच्या वैद्यांनी लोहभस्म आणून दिलं. त्यातलं लोखंड कधीच निवर्तलं होतं, चुंबकाला ओळखही देईना. बाजारातली पूड जाडी, तेलात टाकली की दगडासारखी बुडायची. बबनराव रोज डेअरीचं आवरून येऊन बसायचे. विचारायचे काही नाहीत, नुसते माझ्या हाताकडे बघायचे. त्यांच्या त्या बघण्याने मी जास्तच हट्टाला पेटले.

त्या दिवसांत डॉक्टरांनी मला रक्त वाढवायच्या कॅप्सूल दिल्या होत्या. एका सकाळी नाश्त्यानंतर पाकिटाच्या पाठीमागचं वाचलं, कार्बोनिल आयर्न. माझ्या जुन्या बरणीवरही हेच नाव होतं. मी कॅप्सूल फोडून बशीत रिकामी केली आणि फ्रिजच्या दारावरचा चुंबक बशीखालून फिरवला. राखाडी पूड त्याच्यामागे मुंगीसारखी चालायला लागली. नवरा म्हणाला, "ती खायची असते." त्याला मी म्हटलं, की आजपासून खायची नाही.

औषधांचा कच्चा माल विकणारे एक व्यापारी गाठले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "टॉनिक कुठलं काढताय?"

"टॉनिक नाही, गोंद करायचाय."

"लोखंडाचा गोंद? आणि पेशंट कोण?"

"एका देवीचा गाल बसलाय."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. पुण्यात माणूस शांतपणे विचित्र बोलला की त्याला लोक जाणकार समजतात, हा माझा अनुभव आहे.

तेल आणि पूड मी घरच्या जुन्या मिक्सरमध्ये घोटली. तो मिक्सर पुन्हा स्वयंपाकघरात आला नाही. एरंडेल फार चिकट झालं, मशीनचं तेल फार पातळ, म्हणून त्यात थोडं ग्रीस घातलं. तेवढ्याने पूड तळाशी बसायची थांबली. गोविंदकाका आले, पाटावर चोपडलेल्या लगद्यावर अॅल्युमिनियमची चेपलेली ताटली ठेवून त्यांनी हलकेच हातोडी मारली. ताटली सगळीच लगद्यात रुतली. "ही राळ नाही बाई. श्रीखंड आहे."

त्यांचं बरोबर होतं. लगद्याचा थर जाड असला की चुंबकाचा जोर वरपर्यंत पोचत नाही. लोखंड वस्तूच्या जवळ हवं, मध्ये द्रवाचा पातळ थर हवा. म्हणजे मुखवटा ज्यात नेमका पालथा बसेल असा लोखंडाचा खळगा करायचा, त्यात थोडा द्रव ओतायचा, आणि आतल्या बाजूने दाबून गाल बाहेर काढायचा. पूड वाढवली, ताटली खळग्यात बसवली आणि काकांनी पुन्हा ठोकून पाहिलं. "हं. आता चक्का झाला," म्हणाले.

खळगा करायला चेहरा माहीत हवा, आणि डावा गाल तर उरला नव्हता. मी उजव्या गालाची मापं घेऊन ती उलटी करायला निघाले. गोविंदकाकांनी थांबवलं. "देवी आहे, वॉशर नाही. दोन्ही बाजू सारख्या कशा असतील?" गावातल्या सगळ्या फोटोंत देवी मळवट, नथ आणि हारांमध्ये झाकलेली. शेवटी मी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा चेहरा केला आणि तो बबनरावांपुढे ठेवला. "दर वर्षी तुम्ही तेल-हळद लावता ना? तसाच हात फिरवा."

ते मागे सरकले. "माझा हात नगं."

"दुसऱ्या कुणाचा हात फिरलाय तिच्या गालावरून? तात्यांचा?"

त्यांनी डोळे मिटले आणि धडधाकट उजव्या हाताचा तळवा मातीवरून फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. "हितं भरा जरा. न्हाई, अजून. ओठाच्या कोपऱ्याला वर घ्या. आई हितं हसती." डोळे मिटलेलेच, पण पाणी गालांवर आलं होतं. मी माती भरत गेले. मग त्या चेहऱ्याच्या मापाने मी पातळ लोखंडी पट्ट्या कापून, एकीला एक लावून खळगा उभा केला. इतक्या मन लावून मी कुठल्याही कारखान्याचं फिक्स्चर केलं नव्हतं.

कामाच्या दिवशी बबनरावांनी मुखवटा धडप्यातून सोडला आणि ते अडखळले. "आईला पालथं कसं घालायचं?"

"लेकराला न्हाऊ घालताना पायावर पालथं घालतातच की," मी म्हटलं. त्यांनी हात जोडले आणि मुखवटा स्वतःच खळग्यात ठेवला. दांडा फिरवायला माणूस हवा होता. मी सर्जेरावाला हाक मारणार होते, पण बबनरावांचा उजवा हात आधीच दांड्यावर होता. मी तो तिथेच राहू दिला.

चांदी ठोकली की ताठ होते. सोनार मग तिला आचेवर धरून मऊ करतो आणि पुन्हा ठोकतो. इथे आच नाही, म्हणजे प्रत्येक जागी ठोकायला चांदी देईल तेवढीच मुभा. त्यापलीकडे गेलं की तडा, आणि तडा म्हणजे थेट खडकवासला. गोविंदकाकांनी लाकडाची गोल टोकं घेतली आणि अगदी हळू, टाळ्या दिल्यासारखी हातोडी चालवायला सुरुवात केली. "सैल," म्हणाले की बबनराव दांडा जरा मागे घ्यायचे. चांदी पुढे सरकायची, खालचा द्रव तिला वाट द्यायचा. "घट्ट," म्हणाले की दांडा पुढे, आणि सरकलेली चांदी तिथेच धरली जायची. उजवा चांगला गाल जागचा हलला नाही. ज्यांच्या हातून मुखवटा सुटला म्हणून गाव बोलत होतं, त्यांच्याच हातात आज त्याची सगळी पकड होती. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं, की त्यांनाही ते समजलं आहे.

गाल आला. डोळ्याखालची वळी गेली. ओठाचा डावा कोपरा तेवढा राहिला आणि गोविंदकाकांनी हातोडी खाली ठेवली. "इथे आता मी मारणार नाही. चांदी बोलायला लागली आहे. अजून एक घाव आणि तडा."

"कोपरा आत आहे अजून," मी म्हटलं.

"मला दिसतंय. डोळे आहेत मला."

चेहरा पुरा झाला होता, फक्त हसत नव्हता. नाही म्हणायला तात्यांना एवढं पुरलं असतं. मी खळग्याकडे बघत राहिले. ओठाच्या कोपऱ्याखाली द्रव अडकून राहिला होता, तो वाट देत नव्हता. मी पाट उलटा न करता बाजूने त्या जागेच्या दोन पट्ट्या ओढून काढल्या. तिथे चुंबक पोचेनासा झाला. आता बाकी सगळा चेहरा घट्ट धरलेला, आणि फक्त त्या कोपऱ्याखाली मऊ तेल. मग म्हटलं, "ठोकायचं नाही. दाबायचं. बबनराव, दांडा मला द्या आणि तुम्ही अंगठा ठेवा."

"मी?"

"कुठपर्यंत यायला हवा हे तुम्हालाच माहीत आहे."

गोविंदकाका रागावतील असं मला वाटलं होतं. ते उठले आणि त्यांनी आपली जागा बबनरावांना दिली. बबनरावांनी अंगठा चांदीच्या आत ठेवला आणि भार दिला. मी दांडा दोन्ही हातांनी शेवटपर्यंत दाबून धरला. त्यांचा अंगठा पांढरा पडला, कपाळावर घाम आला. काही होईना. "सोडू नका," मी म्हटलं. "आता सोडायचं नाही." मग बोटं मोडल्याएवढा बारीक आवाज आला. मला वाटलं, तडा.

गोविंदकाकांनी भिंग लावून आतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हं," म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही. मी दांडा मागे घेतला. द्रवाने पकड सोडली आणि बबनरावांनी मुखवटा सुलटा केला. रिठ्याच्या पाण्याने काळं धुतलं गेलं, आणि डाव्या बाजूने ती हसत होती. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले, कारण मला रडताना कुणी पाहिलेलं मला आवडत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला देवळाबाहेरच्या मांडवात गाव जमलं. चौरंगावर मुखवटा ठेवला होता. म्हाताऱ्यांनी तो हातात घेऊन पाहिला. तात्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. एक आजी पुढे झाल्या, त्यांनी देवीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मग कुणी काही ठरवायचं उरलं नाही. तात्या मोठ्या मनाने म्हणाले, "चला, झालं गेलं विसरून जाऊ. बबन, उचल. मान तुझाच."

बबनराव जागचे हलले नाहीत.

"उचलतो," ते म्हणाले. "आधी फरशीला टाकी लावा, खरबरीत करा."

"अरे, इम्पोर्टेड ग्रॅनाइट हाय! गोणपाट टाकू की वर."

"गोणपाट सरकतं."

"मग तू नको उचलू, दुसरं कुणी..."

"कुनीबी उचला. त्योबी पाय धुनारच हाय." इतका वेळ खाली असलेली मान त्यांनी वर केली. "मी पडलो, त्याचं मला वाईट वाटतंय, जन्मभर वाटंल. पर फरशी गुळगुळीत हाय, ह्ये बैठकीत कुनी बोललं न्हाई. ते आज बोला."

मग त्याच आजी म्हणाल्या, "मी बी गेल्या सोमवारी घसरले व्हते. लाजंपायी सांगितलं न्हाई." मागून कुणी म्हणालं, माझी सून घसरली. आणखी कुणी म्हणालं, पुजारीसुद्धा. बघता बघता अर्ध्या गावाने आपापलं पडणं कबूल केलं. तात्या स्वतःचं नाव कोरलेल्या दगडाकडे बघत राहिले.

त्या रात्री देवी आत गेलीच नाही. मांडवातच बसली, आणि पणत्या तिच्याभोवती बाहेरच लावल्या. दुसऱ्या दिवसापासून देवळातून छिन्नीचा आवाज यायला लागला. माझ्या शेडपर्यंत ऐकू यायचा आणि कानाला गोड लागायचा. इम्पोर्टेड ग्रॅनाइट खरबरीत झाला, दारातल्या नावासकट.

त्यानंतर मी कारखान्यांना ते फिक्स्चर पुन्हा दाखवलं. पुन्हा चहा मिळाला. हल्ली परदेशात अशी पकड वापरतात असं कानावर येतं, तेव्हा थोडं लागतं. आपल्याकडे ती कुणी घेतली नाही. वर्कशॉप विकताना मी बाकी सगळं दिलं, तो खळगा आणि ती बरणी घरी आणली. बरणीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'गाळ टाकू नये'. अक्षर सर्जेरावाचं आहे.

फरशी झाल्यावर देवीला आत नेलं, त्या दिवशी मी गेले होते. बबनरावांचं प्लास्टर निघालं होतं. त्यांनी पाय धुतले, पुसले मात्र नाहीत. मुखवटा छातीशी धरून ओल्या पावलांनी ते आत शिरले. जिथे पडले होते तिथे मुद्दाम थांबले आणि दोन्ही पाय रोवून उभे राहिले. बाजूला तात्या होते, त्यांच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग ते सावकाश पुढे चालत गेले. देवीच्या डाव्या गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्याशी, त्यांचा अंगठा होता.